वैशाखातलं दहिवर

त्या उन्हाळ्यात आमच्या कुरडया बिघडल्या. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालतात, रोज पाणी बदलतात, चौथ्या दिवशी वाटून चीक काढतात. मायनं गहू भिजत घातले आणि ती विसरूनच गेली. सहाव्या दिवशी शेजारच्या गंगूमावशीला कुडापलीकडे वास गेला, तेव्हा ती पदर नाकाला लावून आत आली आणि म्हणाली, "काय वं बाई, घरात काय मेलं?" बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली, कारण आमच्या घरात खरंच मरण झालं होतं. माझी आठ महिन्यांची बहीण सारा फागुनात गेली होती. माय उठली, गहू भिजत घातलेला गंज उचलला आणि उकिरड्यावर उलटा करून आली. रागावली नाही, रडली नाही. गंज घासून पालथा घातला आणि पुन्हा उंबऱ्यात येऊन बसली. त्या वर्षी आम्ही कुरडया खाल्ल्याच नाहीत.

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यातलं, तलमडुगुकडचं. काळी माती, कापूस आणि ज्वारी, आणि उन्हाळ्यात भेगाच भेगा. गावात ख्रिस्ती घरं तीन, त्यातलं एक आमचं. माझे बाबा शाळामास्तर होते आणि प्रचारकही. म्हणजे आठवड्याचे सहा दिवस त्यांनी चौथीपर्यंतच्या पोरांना पाढे शिकवायचे आणि रविवारी त्याच खोलीत, त्याच फळ्यासमोर उपासना घ्यायची. घंटा म्हणून कडुनिंबाला रुळाचा एक तुकडा टांगला होता. शाळेसाठी तो वाजला की पोरं पळून जायची आणि उपासनेसाठी वाजला की गावातली कुत्री रडायची, असं गंगूमावशी म्हणायची. मावशी हिंदू, कपाळभर कुंकू लावणारी, पण आमच्या प्रार्थनेला दाराशी येऊन बसायची, कारण शेवटी गूळ वाटला जायचा. मी मराठी शिकले ती बाबांकडून आणि बायबलातून, पुढची सगळी शाळा तेलुगूत. त्यामुळे माझं लिहिणं कुठं घरचं तर कुठं पुस्तकी लागेल. आता या वयात ते सुधारणार नाही, वाचणाऱ्यानं चालवून घ्यावं.

साराला जुलाब लागले आणि दोन दिवसांत ती गेली. इतकंच आहे, यापेक्षा जास्त सांगण्यासारखं काही नाही. पास्टरगारू, म्हणजे आमचे धर्मगुरू, आदिलाबादहून महिन्यातून एकदा यायचे, त्यांना निरोप धाडायलाही वेळ नव्हता. ख्रिस्ती माणूस जाळायचा नाही, पुरायचा, आणि आमची पुरायची जागाच गावात नव्हती, कारण तोवर आमच्यातलं कोणी तिथं मेलं नव्हतं. पाटलानं नाल्याकाठी मोहाच्या झाडाखालची जागा दाखवली. बाबांनी स्वतः खड्डा खणला आणि स्वतःच प्रार्थना केली. प्रार्थना करताना त्यांचा आवाज शाळेत हजेरी घेताना असायचा तसाच होता. मी जवळ उभी राहून त्यांच्या नखातली माती पाहत होते. मला रडू आलं नाही. आपल्याला रडू येत नाही याची भीती वाटली, पण तीही थोडीच. पुढं तीन आठवड्यांनी ईस्टर आला आणि बाबांनी त्याच आवाजात पुनरुत्थानाचा उपदेश केला. माय पहिल्या ओळीत बसली होती आणि तिची नजर फळ्यावरच्या बेरजेवर होती, जी कोणी पुसली नव्हती.

त्यानंतर माय बोलायची थांबली. अगदी मुकी झाली असं नाही. "जेवा", "पानी आन", "दानूले पाह्य" इतकं बोलायची. दानू माझा धाकटा भाऊ, पाच वर्षांचा. पण ती पूर्वी दिवसभर काही ना काही बोलत असे, चुलीशी, शेळीशी, कोंबड्यांना शिव्या देत असे, ते सगळं थांबलं. मी पुढं तीस वर्षं नर्सची नोकरी केली. बाळ गेलेल्या किती बायका पाहिल्या, त्यांच्याशी कसं बोलावं हे नव्या पोरींना शिकवलं. तेव्हा मात्र मी दहा वर्षांची होते आणि मला इतकंच कळत होतं की आता भाकरी मला थापावी लागते.

उन्हाळ्याचे दिवस नेहमीसारखेच चालले होते. तेच मला नंतर फार विचित्र वाटलं. पहाटे आम्ही दोघं भाऊबहीण मोहफुलं वेचायला जायचो, ती अंगणात वाळत घालायचो आणि दानू हातात काठी घेऊन शेळीला राखायचा. शेळी त्याच्यापेक्षा हुशार होती. दुपारी ज्वारीची आंबील, तिच्यात ताक असलं तर असलं, वर कांदा. कैरी मिळाली तर मीठ-तिखट लावून. कधी भाजलेली मोहफुलं आणि तीळ एकत्र कुटून मी त्याचे लाडू वळायची, ते माझ्या हातून फुटायचे आणि आम्ही भुगाच खायचो. दहानंतर बाहेर पाऊल टाकता येत नसे. कवेलूंच्या छपराखाली घर तापायचं, आणि आम्ही चौघं सारवलेल्या जमिनीवर ओला पंचा पोटावर टाकून पडून राहायचो. बाहेर होला घुमायचा आणि मधूनच एखादं कवेलू तडकायचं. पाण्याची विहीर नाल्यापलीकडे, जाऊन येऊन कोसभर. माय पहाटे आणि संध्याकाळी जायची आणि तिला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागायचा. मोहाचं झाड त्याच वाटेवर होतं. तिला उशीर का होतो हे बाबांनी तिला विचारलं नाही, आणि मीही नाही.

वैशाख लागला तेव्हा बेल्लमपल्लीहून मामाचं पत्र आलं. मामा कोळशाच्या खाणीत कामाला होता. त्यानं बाबांसाठी खाणीच्या हपीसात हजेरी लिहायचं काम पाहून ठेवलं होतं, राहायला क्वार्टर मिळणार होतं. पंधरा दिवसांत कळवा, नाहीतर जागा जाईल, असं त्यानं लिहिलं होतं. क्वार्टरात वीज होती. नळ होता. जवळच दहावीपर्यंत शाळा होती. मी ते पत्र इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं. आमच्या गावात शाळा चौथीपर्यंत, आणि माझी चौथी झाली होती. मी दानूला नळ समजावून सांगायची, "कान पिळला का पानी पडते." तो विचारायचा, "कोनाचा कान?" त्या सबंध उन्हाळ्यात मला काही हवंसं वाटलं असेल तर तो नळ.

बाबांना मात्र ठरवता येईना. ते पत्र बायबलात ठेवायचे, काढायचे, पुन्हा ठेवायचे. देवानं या गावात धाडलं असताना खाणीत हजेरी लिहायला जावं का, हा त्यांचा प्रश्न होता, निदान ते तसं म्हणायचे. शेवटी एका संध्याकाळी प्रार्थना झाल्यावर ते म्हणाले, "गिदोनानं केलं तसंच आपण करू."

गिदोनाची गोष्ट आम्हाला पाठ होती. देवाची इच्छा कळावी म्हणून त्यानं खळ्यात लोकर ठेवली होती. लोकरीवर दहिवर, म्हणजे दव, पडून ती भिजावी आणि भोवतालची जमीन कोरडी राहावी, म्हणजे देवाचं म्हणणं कळलं. सकाळी लोकर पिळली तर वाटीभर पाणी निघालं. मग त्याची खात्री होईना म्हणून दुसऱ्या दिवशी त्यानं उलटं मागितलं, लोकर कोरडी आणि जमीन ओली, आणि देवानं तेही करून दाखवलं. आमच्याकडे लोकर कुठली? बाबांनी पेटीतली काळी घोंगडी काढली, अंगणाच्या मध्यावर पसरली आणि आम्हाला सांगितलं, "सकाळी घोंगडी ओली झाली तर देव म्हणते, इथंच राहा. कोरडी राह्यली तर आपण बेल्लमपल्लीले जाऊ."

गंगूमावशी कुडावर हनुवटी टेकून ऐकत होती. ती म्हणाली, "अवो मास्तर, वैशाखात कोनतं दहिवर पडते जी? हितं माणसाले घाम फुटून राह्यला, अन् तुमी दहिवराची वाट पाहून राह्यले!"

"देवाले अशक्य काय आहे?" बाबा म्हणाले आणि आत गेले.

मावशीनं जे क्षणात ओळखलं ते कळायला मला बरीच वर्षं लागली. आदिलाबादच्या वैशाखात दहिवर पडत नाही हे बाबांनाही ठाऊक होतं. ते शेतकऱ्याचे लेक होते. त्यांना जायचं होतं. पण जायचं आहे असं त्यांना म्हणवत नव्हतं, म्हणून ते देवाकडून म्हणवून घेत होते. मी त्यांना लबाड म्हणणार नाही. आपण काय करतोय हे त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. मायला मात्र कळलं. ती चुलीशी बसली होती, आणि कित्येक दिवसांनी तिनं मान वर करून बाबांकडे नीट पाहिलं.

उन्हाळ्यात आम्ही अंगणातच बाजांवर झोपायचो. झुंजूमुंजू झालं आणि मला जाग आली ती माय उठल्यामुळे. रोजच्यासारखी ती विहिरीवर निघाली असेल असं वाटलं. पण तिनं रिकामा गुंड, म्हणजे पाण्याची मोठी कळशी, उचलला नाही. ती रांजणापाशी गेली, आदल्या संध्याकाळी आणलेलं पाणी घागरीत भरलं, घोंगडीपाशी आली आणि घागर उपडी केली. घाई केली नाही. वाफ्याला पाणी द्यावं तसं एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओतलं. मग वळली तेव्हा माझे डोळे उघडे दिसले तिला. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. तिनं बोट ओठावर ठेवलं नाही, डोळ्यांनी खुणावलं नाही. गुंड डोक्यावर घेतला आणि विहिरीच्या वाटेला लागली.

बाबा उठले, घोंगडी चाचपली आणि तिथंच खाली बसले. मग त्यांनी मला वाटी आणायला सांगितली. पहिल्याच पिळ्यात वाटी भरली, दुसऱ्यांदा भरली, आणि तरी घोंगडी ठिबकतच होती. बाबांनी ती उचलली. खालची जमीनही ओली होती, घोंगडीएवढी चौकोनी. ते त्या ओल्या चौकोनाकडे बराच वेळ पाहत राहिले, मग रांजणाकडे, मग माझ्याकडे.

"इस्तर," ते म्हणाले. "सकाळी अंगणात कोणाले पाह्यलं का तू?"

माय तेवढ्यात परतली होती. भरलेला गुंड डोक्यावर तसाच घेऊन ती कुडाशी थांबली होती. मी खरं सांगितलं असतं तर आम्ही बेल्लमपल्लीला गेलो असतो. नळ, वीज, दहावी, सगळं माझ्या जिभेवर होतं. शिवाय बाबांनी मला कधी मारलं नव्हतं, पण खोटं बोलल्यावर ते मला नक्की मारतील असं मी धरून चालले होते.

"नाई," मी म्हणाले. "कोणीच नोतं."

हे मी मायच्या मायेपोटी केलं असं लिहायला बरं वाटेल, पण तसं काही मला तेव्हा वाटल्याचं आठवत नाही. तिची मान गुंडाखाली ताठ झाली होती आणि मला तिला अजून काही होऊ द्यायचं नव्हतं, बस. "खालीही ओलं आहे," बाबा स्वतःशीच बोलले. "खूण साफ नाही." आणि घोंगडी वाळत घालता घालता म्हणाले की गिदोनानंही दोनदा मागितलं होतं. उद्या उलटं. घोंगडी कोरडी आणि सगळं अंगण ओलं झालं, तर राहायचं. तो दिवस आम्ही नेहमीसारखाच काढला. आंबील प्यालो, पडून राहिलो. रांजणात पाणी कमी म्हणून दानूला त्या दिवशी अंघोळ नव्हती, तो खूश होता.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम डोळे मिटून पडले होते. काही दिसलंच नाही तर पुन्हा खोटं बोलावं लागणार नाही, असा माझा हिशेब होता. पण आवाजानं डोळे उघडलेच. चांगलं उजाडलं होतं. बाबा बाजेवर उठून बसले होते. गंगूमावशी हातात झाडू घेऊन कुडापलीकडे उभी होती. आणि आमची माय शेणकाल्याची बादली घेऊन सडा टाकत होती. सारा गेल्यापासून आमच्या अंगणात सडा पडला नव्हता. आम्ही ख्रिस्ती झालो तेव्हा रांगोळी सुटली, पण सडा कुठं सुटतो? माय दारापासून सुरू झाली, सप सप आवाज करत पाट्या-वरवंट्याजवळून, शेळीच्या खुंट्याजवळून अंगणभर फिरली, आणि घोंगडीपाशी आली की हात आखडता घेत तिच्या काठाकाठानं टाकत गेली. एक थेंब घोंगडीवर पडू दिला नाही. सगळं अंगण ओलं झालं, तेव्हा तिनं बादली खाली ठेवली.

"झालं," ती म्हणाली. "जमीन वली, घोंगडी कोरडी."

बाबांनी बाजेवरून पाय खाली सोडले.

"कालचं पानीबी मीच ओतलं. पोरीले खोटं बोलाले लावू नका, तिनं पाह्यलं होतं." मग तिचा आवाज चढला, इतक्या दिवसांनी, आणि दानू दचकून उठला. "तुमी देवाले इचारलं. घोंगडीले इचारलं. मले इचारलं काय? मले काऊन नाई इचारलं तुमी?"

"तू बोलतच नोती," बाबा म्हणाले.

"इचारलं असतं तं बोलली असती."

मग ती हळू आवाजात म्हणाली की ती येणार नाही. साराला नाल्याकाठी एकटं टाकून ती नळाचं पाणी प्यायला जाणार नाही. बाबांना जायचं तर त्यांनी पोरांना घेऊन जावं. बाबा तोंडावर दोन्ही हात ठेवून बसले. ते रडताहेत असं मला वाटलं, पण हात काढले तेव्हा डोळे कोरडे होते. कुडापलीकडून गंगूमावशी म्हणाली, "घ्या मास्तर, पडलं तुमचं दहिवर." आणि तिनंच पदरानं डोळे पुसले. आमच्या अंगणात त्या सकाळी रडलं असेल तर तेवढंच कोणी.

बाबांनी उठून घोंगडी झटकली, घडी घालून पेटीत ठेवली आणि त्याच दिवशी मामाला कार्ड लिहिलं की येता येणार नाही. देवाची इच्छा वगैरे काही लिहिलं नाही, ते मी पाहिलं. ते गाव त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. माय हळूहळू शेळीशी बोलायला लागली, मग कोंबड्यांना शिव्या द्यायला लागली. पुढच्या वर्षी तिनं कुरडया केल्या. हे सगळं मी ऐकलेलं सांगते आहे, कारण पुढच्या वर्षी मी तिथं नव्हते.

मामाचं उलट कार्ड आलं होतं. तुम्ही येत नाही तर नका येऊ, पण पोरगी हुशार आहे, तिला तरी धाडा, शाळा शिकेल. ते कार्ड बायबलात एक दिवसही राहिलं नाही. बाबांनी ते मायला वाचून दाखवलं. या वेळी त्यांनी तिला विचारलं, रीतसर, समोर बसून. माय विळीवर भेंड्या चिरता चिरता म्हणाली, "जाऊ द्या. हितं काय शिकन ती?" असं ठरलं. मी तिथंच लसूण सोलत बसले होते, मला कोणी विचारलं नाही.

मला मायचा राग आला. त्या उन्हाळ्यात मला स्पष्ट असं वाटलेलं तेवढं एकच, आणि ते मी आता लिहूनच टाकते. सारा मेली होती म्हणून माय तिला सोडून जाऊ शकत नव्हती. मी जिवंत होते म्हणून मला धाडता येत होतं. तिनं बरोबरच केलं, मी शिकले, नर्स झाले, दानूचं शिक्षण माझ्या पगारावर झालं. हे सगळं ठाऊक असूनही मी जेव्हा जेव्हा सुट्टीत घरी जायची आणि माय मला हौसेनं मोहाच्या झाडाखाली घेऊन जायची, तेव्हा मी चार पावलं मागं उभी राहायची. तिला वाटायचं, मला वाईट वाटतं.

रोहिणी लागल्यावर शाळेआधी बाबा मला पोचवायला निघाले. तलमडुगुच्या फाट्यावर आदिलाबादची बस यायची, तिथून पुढं बेल्लमपल्लीची. माय दानूला कडेवर घेऊन फाट्यापर्यंत चालत आली. वाटेत तिनं मला दोनदा दशम्यांच्या गाठोड्याची गाठ तपासून दिली आणि मामीला कामात मदत कर म्हणून सांगितलं. बस आली. बाबांनी माझी पत्र्याची पेटी टपावर चढवली, क्लीनरनं ती दोरीनं आवळून बांधली. मी खिडकीशी बसले. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली, तेव्हा माय दानूला खाली उतरवून पुढं आली आणि खिडकीच्या गजाला धरून उभी राहिली. गाडी थरथरत होती.

"जाशीन ना वं, इस्तर?" तिनं विचारलं.

मी हो म्हणाले.